दारूगोळ्याचे विद्यावेतन

तुमसर रोड हे रेल्वे स्टेशन तुमसरात नाही, ते देव्हाडीत आहे. शहरापासून चार-पाच किलोमीटरवर. मुंबई-हावडा मार्गावरच्या या जंक्शनवरून एक फाटा उत्तरेला गोबरवाहीमार्गे तिरोडीकडे वळतो. हा फाटा टाकला तो प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणींतले, पलीकडच्या बालाघाटातले मँगनीज बाहेर काढायचे, हे त्याचे मुख्य काम. वरून पाहिले तर हा धानाचा आणि तांदळाच्या बाजारपेठेचा मुलूख. पण विसावे शतक उजाडल्यापासून त्याच्या पोटातला काळा दगड जगाच्या पोलादात मिसळत होता. मँगनीजशिवाय चांगले पोलाद होत नाही आणि पोलादाशिवाय तोफ होत नाही. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा तुमसरचा लढाईशी असलेला संबंध असा दगडापुरता होता.

वर्षभरात सरकारला दगडाबरोबर हातही हवे झाले.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. ब्रिटनहून हिंदुस्थानला यंत्रे, तोफा, दारूगोळा येण्याची आशा मावळली; उलट मध्यपूर्व आणि आग्नेय आशियातल्या फौजांना हिंदुस्थानातूनच माल पुरवावा, अशी मागणी आली. इथल्या आयुध कारखान्यांची क्षमता वाढवायची ठरली आणि मग लक्षात आले की खरी टंचाई माणसांची आहे. देशात बी.ए. होते, वकील होते, पिढीजात लोहार-सुतारही होते. पण ड्रॉइंग वाचून लेथवर हजारांश इंचाच्या हिशेबात काम करणारा फिटर, टर्नर, मशिनिस्ट, ग्राइंडर हवा तेवढा नव्हता. शंभर वर्षांच्या राज्यात सरकारने कारकून तयार केले होते, कारागीर नव्हे. युद्धाने ती चूक सरकारच्या पदरात घातली.

सरकारने आधी काठी उगारली. १९४० मध्येच तांत्रिक कामगारांसाठी राष्ट्रीय सेवेचा वटहुकूम निघाला. त्याखाली नॅशनल सर्व्हिस लेबर ट्रायब्यूनल नेमली गेली. एखाद्या खासगी कारखान्यातला कुशल कामगार उचलून युद्धसाहित्याच्या कारखान्यात पाठवण्याचा अधिकार या मंडळांना होता. कामगाराला नाही म्हणता येत नव्हते, आणि त्याच्या मालकालाही. पण आहेत तेच कामगार इकडून तिकडे हलवून संख्या वाढत नाही. म्हणून पाठोपाठ गूळ आला. युद्धकाळातली तांत्रिक प्रशिक्षण योजना ती हीच. रेल्वेची वर्कशॉपे, तंत्रशाळा, इंजिनिअरिंग कॉलेजे, मोठे खासगी कारखाने, जिथे म्हणून यंत्रे होती तिथे केंद्रे उघडली. शिक्षण फुकट, वर दरमहा विद्यावेतन. बदल्यात शिकाऊ मुलाने लिहून द्यायचे, की शिक्षण संपल्यावर सरकार सांगेल त्या युद्धकामावर मी जाईन.

या करारात एक बारीक गोष्ट होती. मुलगा सैनिक होत नव्हता. त्याला बंदूक द्यायची नव्हती, बंदूक घडवायला लावायचे होते. काम लढाईचे, पण माणूस नागरी. शिष्यवृत्ती द्यायची आणि तिची परतफेड पैशांत न घेता संरक्षणाच्या नागरी नोकरीत घ्यायची, ही व्यवस्था आज अमेरिकेच्या नावावर खपते. हिंदुस्थानात ती लेथच्या पातळीवर १९४१ पर्यंत चालूही झाली होती. अर्थात कागदावरची रेघ प्रत्यक्षात पुसट झाली. कारखान्यांसाठी म्हणून शिकवलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे लष्कराच्याच तांत्रिक शाखांनी ओढून घेतले, कारण मोटारी आणि रेडिओ दुरुस्त करणारी माणसे फौजेलाही तेवढीच हवी होती.

तुमसरच्या पोराला तेव्हा आयुध कारखाना कुठे दिसत असेल? पुण्याजवळच्या खडकीला खचितच नाही. भंडारा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर होती आणि प्रांताचे आयुधांचे शहर होते जबलपूर. तिथे १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना होता. युद्धात खमारियाला दारूगोळ्याचा आणि कटनीला आणखी एक कारखाना उभा राहिला. देव्हाडीहून गोंदिया गाठायचे, तिथून सातपुड्याच्या अरुंद रुळांवरची गाडी धरायची, बालाघाट, नैनपूर करत जबलपूर. आज महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून विदर्भाचा इतिहास वाचणारा माणूस ही दिशा विसरतो. पूर्व विदर्भाची औद्योगिक ओढ बराच काळ पश्चिमेला नव्हती, उत्तरेला होती.

याच योजनेला एक विलायती शेपूट होते. ब्रिटनचा मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन स्वतः कामगार चळवळीतून आलेला. त्याच्या कल्पनेतून हिंदी तरुणांना कारखान्यातले शिक्षण घ्यायला ब्रिटनला पाठवायचे ठरले. पहिली तुकडी १९४१ मध्ये पोहोचली. लंडनच्या उत्तरेला असलेल्या लेचवर्थच्या सरकारी केंद्रात आधी शिक्षण, मग तिथल्या कारखान्यांत प्रत्यक्ष काम. आजवर विलायतेला शिकायला जायचा तो बॅरिस्टर व्हायला किंवा आय.सी.एस.ला, संस्थानिकाचा किंवा पैसेवाल्याचा मुलगा. आता सरकारी खर्चाने निघाली होती ती वर्कशॉपात हात काळे केलेली पोरे, आणि निवड करत होती तीच लेबर ट्रायब्यूनल. बेव्हिनचा हेतू फक्त तोफगोळ्यांचा नव्हता. ब्रिटिश कामगार कसा राहतो, त्याची युनियन कशी चालते, हेही या पोरांनी पाहावे असे त्याला वाटत होते. साम्राज्याच्या खर्चाने युनियनचे धडे! दिल्लीतल्या साहेबांना यातली गंमत कळली असेल की नाही, शंका आहे. परतल्यावर यांनी युद्धसाहित्याच्या कामावर रुजू व्हायचे होते. विद्यावेतन आणि सेवेची अट, दोन्ही त्यांनाही होतेच.

आणि मग १९४२ चा ऑगस्ट आला. तुमसर त्या दिवसांत शांत राहिले नाही. मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. एकीकडे सरकार त्याच जिल्ह्यातल्या मुलांना सांगते आहे, या, शिका, महिन्याला पैसे घ्या आणि आमच्यासाठी गोळ्या बनवा. दुसरीकडे त्याच सरकारच्या गोळ्या बाजारपेठेच्या गावात लागताहेत. या पेचात पडलेल्या मुलांच्या मनात काय चालले असेल, यावर आपल्याकडे जवळजवळ काहीच लिहिले गेले नाही. चळवळीच्या इतिहासात तुरुंगात गेलेल्यांना जागा आहे, ते योग्यच. पण प्रशिक्षण केंद्राच्या दारात उभे राहून करारावर सही करणाराही देशद्रोही नव्हता. घरी धानाची दोन एकर जमीन, खाणीतली रोजंदारी आणि समोर दरमहा हमखास पैसा व हातात येणारा हुन्नर, एवढे त्याचे गणित होते. ते चुकीचे होते असे मला तरी म्हणवत नाही.

त्याच १९४२ साली नागपुरात एक वेगळी गोष्ट घडली आणि तिचाही धागा मँगनीजलाच बांधलेला आहे. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. जाताना त्यांनी आपली मोठी मालमत्ता नागपूर विद्यापीठाला ठेवली होती, उपयोजित विज्ञान आणि रसायनाच्या शिक्षणासाठी. त्या पैशांतून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आपली एलआयटी, सुरू झाली. इथे अट नव्हती, करार नव्हता. खाणीतून निघालेला पैसा एका माणसाच्या मर्जीने शिक्षणात गेला, बस्स. सरकारी विद्यावेतनाशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. पण दात्याची मर्जी हा काही धोरणाचा पाया होऊ शकत नाही, हेही खरे.

युद्ध संपले. सही केलेल्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न सरकारपुढे उलटा उभा राहिला. कालपर्यंत हात कमी होते, आता काम कमी. जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय स्थापन झाले; लढाईवरून परतणाऱ्यांना कामधंद्याला लावणे हे त्याचे काम. युद्धासाठी उभी केलेली प्रशिक्षणाची यंत्रणा त्याच्या हाती आली. फाळणीनंतर निर्वासितांचीही त्यात भर पडली. १९५० मध्ये तिला कारागीर प्रशिक्षण योजना असे कायमचे रूप मिळाले आणि त्यातून उगवली आपली आयटीआय. तालुक्यातालुक्यात फिटर-वेल्डर-इलेक्ट्रिशियन घडवणाऱ्या या साध्या, रंग उडालेल्या इमारतींचा पणजोबा युद्धकाळातला तो करार आहे. अट गळून पडली, लेथ उरला.

पुढची तारीख नोंदवण्याजोगी आहे: १ नोव्हेंबर १९५६. बी. शिवराव समितीच्या शिफारशीनुसार आयटीआयचा दैनंदिन कारभार केंद्राकडून राज्यांकडे गेला तो या दिवशी. आणि भाषावार पुनर्रचनेत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला तोही याच दिवशी. म्हणजे तुमसरचे राज्य बदलले आणि तुमसरच्या पोरांच्या हुन्नराचा मालकही बदलला, एकाच सकाळी. जबलपूर आता परराज्य झाले.

जबलपूरची ती उणीव चीनच्या युद्धाने भरून काढली. १९६२ च्या पराभवानंतर नवे आयुध कारखाने उभारायचे ठरले आणि त्यातले बरेच महाराष्ट्रात आले: खानदेशात वरणगाव, विदर्भात नागपूरला अंबाझरी, चांद्याजवळ भद्रावती, आणि भंडारा. सीमेपासून लांब, रेल्वेच्या जवळ, पाणी मुबलक, वस्ती विरळ; दारूगोळ्याला याहून सोयीची जागा नाही. भंडाऱ्याहून नागपूरच्या रस्त्याने जाताना ठाणा पेट्रोल पंपाजवळ जवाहरनगर लागते. वर्तमानपत्रात त्याला आयुध निर्माणी म्हणतात. बोलताना ‘ऑर्डनन्स’ किंवा नुसते ‘फॅक्टरी’. मँगनीजची माती विकणाऱ्या जिल्ह्याला घरच्या घरी केंद्र सरकारची मोठी नोकरी मिळाली.

इथे बंदुका होत नाहीत. होतो तो गोळीला आणि तोफगोळ्याला पुढे ढकलणारा प्रणोदक, म्हणजे प्रोपेलंट, आणि स्फोटके. नायट्रोसेल्युलोज, नायट्रोग्लिसरीन अशी नावे ज्या मालाची, त्याचे काम लेथवर होत नाही. एकेक इमारत एकमेकींपासून लांब, भोवती मातीचे उंच बांध, म्हणजे एक उडाली तर दुसरी वाचावी. दारावर लिहिलेले असते की आत एका वेळी किती माणसे आणि किती माल राहू शकतो. काडेपेटी नाही, खिळ्यांचे बूट नाहीत. अशा ठिकाणी काम करणाऱ्याचे पद ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’; सगळे म्हणतात डीबीडब्ल्यू. त्याला लागणारे शिक्षण केमिकल प्लांट चालवण्याचे, म्हणजे ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’. या एवढ्या लांब नावाचे भंडाऱ्याकडे ‘एओसीपी’ झाले आहे आणि मुले ते फिटर म्हणावे इतक्या सहज म्हणतात.

हे शिक्षण कुठे घ्यायचे? एक वाट आयटीआयची, आणि तिच्यापुढे खुद्द कारखान्यातली अप्रेंटिस. कायदा आला १९६१ मध्ये, शिकाऊ उमेदवार अधिनियम. कारखान्याने ठराविक संख्येने उमेदवार घ्यायचेच, त्यांना विद्यावेतन द्यायचे, शेवटी राष्ट्रीय पातळीची परीक्षा. सरकारी पैसा, संरक्षणाचा कारखाना, नागरी उमेदवार. १९४१ च्या योजनेतले सगळे घटक पुन्हा एकत्र आले. फक्त एक घटक उलटला. या अधिनियमाचे कलम २२ सांगत होते की शिक्षण पूर्ण झालेल्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही आणि ती स्वीकारण्याचे बंधन उमेदवारावरही नाही. करारात तशी अट घातली असेल तर मात्र दोघेही बांधील: मालकाने जागा द्यायची, उमेदवाराने ठरलेला काळ ती करायची. अटीतली मुदत किंवा पगार गैरवाजवी वाटला तर अप्रेंटिसशिप सल्लागाराला त्यात बदल करता येई. म्हणजे बंधनाची सोय कायद्यात होती. ते घालायचे की नाही, हे मालकाच्या हातात.

आणि मालकाने ते का घालावे? १९४१ मध्ये कुशल माणूस दुर्मीळ होता, म्हणून सरकार त्याच्याकडून लिहून घेत होते. साठ-सत्तरच्या दशकानंतर आयटीआयतून मुलांचे तांडे बाहेर पडू लागले. आता लिहून घेण्याची गरज कोणाला? मुलाला. सरकारने आपल्याकडून सेवेची हमी घ्यावी, पाच वर्षांची घ्या, दहाची घ्या, अशी त्याची इच्छा. आणि सरकार म्हणते, बंधन नाही, तुम्ही मोकळे आहात. स्वातंत्र्य असे कोणाच्या डोक्यावर मारता येते, हे कलम २२ वाचल्याशिवाय कळत नाही. भंडाऱ्यात ‘अप्रेंटिस काढली’ म्हणणाऱ्या मुलाला पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘मग परमनंट कधी?’

हा प्रश्न शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही दारूगोळ्याच्या नव्हे, उत्तर प्रदेशच्या एस.टी.च्या शिकाऊ उमेदवारांच्या खटल्यात. १९९५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की बाकी सारे समान असेल तर शिकून तयार झालेल्या अप्रेंटिसला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. शिक्षणात गेलेला काळ वयाच्या अटीत धरू नये. हक्क मिळाला नाही, अग्रक्रम मिळाला. त्या आधारावर देशभरच्या माजी अप्रेंटिसांनी पुढे किती अर्ज, निवेदने, उपोषणे केली याला गणती नाही. २०१४ च्या दुरुस्तीत कलम २२ ची भाषा बदलली: शिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारांना घेण्याबाबत प्रत्येक मालकाने आपले धोरण आपणच ठरवावे. विद्यावेतनाचे आकडे मात्र नीट छापले गेले. २०१९ च्या नियमांनुसार आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये.

याच काळात अमेरिकेने नेमकी उलट वाट धरली होती. स्पुटनिकच्या धक्क्यानंतर १९५८ मध्ये त्यांनी शिक्षणाचा मोठा कायदा केला, त्याच्या नावातच ‘राष्ट्रीय संरक्षण’ होते. पण त्यातली कर्जे आणि फेलोशिपा घेणाऱ्यांवर शस्त्रांचे काम करण्याची सक्ती नव्हती. उलट शाळेत शिक्षक होणाऱ्याचे अर्ध्यापर्यंत कर्ज माफ होई. सक्ती आली २००५ च्या सुमारास, ‘स्मार्ट’ नावाच्या शिष्यवृत्तीने. विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची सगळी फी आणि खर्च संरक्षण खाते उचलते. जितकी वर्षे पैसे घेतले तितकी वर्षे खात्याच्या एखाद्या प्रयोगशाळेत नागरी नोकरी करायची, नाहीतर पैसे परत. कोणती प्रयोगशाळा, हे आधीच ठरते. तिकडे खासगी कंपन्या पगाराच्या जोरावर संगणकातली पोरे पळवतात, म्हणून सरकार शिक्षणाआधीच त्यांच्याशी करार करून ठेवते. बंधन घातले जाते तिथे नोकरीची हमीही असते, हे विसरून चालत नाही. आपल्याकडे पुण्याच्या गिरीनगरला संरक्षणाची अभियांत्रिकी शिकवणारी संस्था १९५२ पासूनच्या परंपरेची आहे, पण ती वाट मुख्यतः आधीच खात्यात असलेल्या अधिकाऱ्या-शास्त्रज्ञांची होती. २०१९ मध्ये डीआरडीओने एरोस्पेस शिकणाऱ्या मुलींसाठी शिष्यवृत्त्या काढल्या, पदवीच्या २० आणि पदव्युत्तर १०. अख्ख्या देशासाठी तीस. तुमसरच्या आयटीआयतल्या मुलापर्यंत यातले काही पोहोचत नाही. त्याची वाट जवाहरनगरच्या फाटकातूनच जाते.

त्या फाटकावरची पाटीही बदलली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भंडाऱ्याचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आला. युक्रेनच्या युद्धानंतर जगात दारूगोळ्याची मागणी वाढली आणि कारखान्यांना पुन्हा माणसे लागली. जाहिराती निघू लागल्या, डीबीडब्ल्यू पाहिजेत. पात्रता: आयुध कारखान्यात एओसीपीची अप्रेंटिस केलेला. नेमणूक: मुदतीची, आधी एक वर्ष, मग काम आणि गरज पाहून वाढ. अखेर माजी अप्रेंटिसांनाच प्राधान्य मिळाले, १९९५ च्या निकालाला आवडावे असे. फक्त ते ‘परमनंट’ नाही. १९४१ मध्ये मुलाने मुदत लिहून द्यायची होती, आता मुदत कंपनी लिहून देते, आणि तीही छोटी.

२४ जानेवारी २०२५ च्या सकाळी जवाहरनगरच्या कारखान्यात लो टेम्परेचर प्लास्टिसायझेशन विभागात स्फोट झाला. इमारतीचे छत कोसळले, किमान आठ कामगार मेले, आणखी काही जखमी झाले. आवाज कित्येक किलोमीटर ऐकू गेला. त्या दिवसानंतर जिल्ह्यात नुकसानभरपाईची चर्चा झाली, चौकशीची झाली. पण शिकाऊ, मुदतीवरचा आणि कायम अशा तीन प्रकारच्या माणसांनी एकाच बांधाच्या आत एकच जोखीम घ्यायची असेल, तर पगार, विमा आणि वारसाला नोकरी यांत तिघांत किती अंतर असावे, हा प्रश्न त्या चर्चेत जेवढा यायला हवा होता तेवढा आला नाही. स्फोटके बनवणाऱ्या इमारतीच्या दारावर आत किती माणसे चालतील हे लिहिलेले असते. त्यातला कोण कोणत्या कागदावर आत आला आहे, हे लिहिलेले नसते.

डोंगरी बुजुर्गची खाण चालू आहे, तिरोडीच्या फाट्यावरून मालगाड्या जातात. तुमसरच्या आयटीआयत दरवर्षी नवी तुकडी भरते. अप्रेंटिसचा फॉर्म भरताना मुले आता सगळ्यात आधी विद्यावेतन विचारत नाहीत. ती कारखान्यातल्या आधीच्या बॅचच्या किती जणांना नंतर घेतले, हे विचारतात, आणि घेतले तर किती महिन्यांसाठी.